दोन रपेटींमधलं चालणं

आमच्या भावजींना कुणी कधी बसलेलं पाहिलंच नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण फार खोटं ठरणार नाही. जेवायला ते बसतात, तेही एक पाय खुर्चीच्या बाहेर काढून, म्हणजे उठायला सोपं. फोनवर बोलताना ते घरातल्या सगळ्या खोल्यांना भेट देऊन येतात. माहेरी आम्ही त्यांना ‘भिंगरी’ म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण भिंगरीलाच पाय फुटलेले आमचे भावजी एकटेच.

त्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. या इमारतीतून त्या इमारतीत दिवसभर जायचं आणि सगळीकडे सायकलवरूनच जायचं. लिफ्ट चालू असेल तिथे त्यांना कुणी बोलावत नाही, त्यामुळे सगळा जन्म जिने चढण्यात गेला. एवढं झाल्यावर दुसरा कुणी संध्याकाळी आडवा झाला असता. भावजी मात्र काम आटोपलं की लांबच्या रस्त्याने एक रपेट मारून घरी येणार आणि चहा घेऊन पुन्हा एक मारणार. पन्नाशी उलटल्यावर त्यांना सायकलवाल्यांच्या एका टोळक्याचा नाद लागला आणि त्यांच्या बुटांना क्लीट आली. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला चवड्याखाली बसवलेली एक कडक पट्टी. ती पेडलच्या खाचेत खटकन अडकते आणि पाय पेडलला बांधल्यासारखा राहतो. सायकलवर सुख, जमिनीवर हाल. टाच खाली आणि चवडा वर, अशी माणसाची चाल होते आणि फरशीवर टक टक आवाज येतो. भावजी जिन्याने वर येताहेत हे त्यांच्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना आधीच कळायचं.

माझी ताई याच्या बरोबर उलट. ती घरीच शिवणकाम करते. कुणाची पँट आखूड करून दे, कुणाची चेन बदल, कुणाच्या कोटाचं अस्तर लाव. मशीनसमोर बसली की दुपार होते कधी आणि जाते कधी, तिला कळत नाही. एक बसून आणि एक फिरून, म्हणून यांचं जमलं, असं आमची आई म्हणायची. ते खरंही होतं. दोघं दिवसभर समोरासमोर असते तर काय झालं असतं, देव जाणे.

आणि मी कोण, तर या दोघांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बुटांच्या दुकानात काम करणारी धाकटी बहीण. दुकान माझं नाही, पण मी इतकी वर्षं तिथे आहे की मालकच मला विचारून सुट्टी घेतात. जगातल्या निम्म्या दुखण्यांचं कारण चुकीचे बूट हे आहे, असं माझं ठाम मत होतं. माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाने बूट घातले की मी त्याला आरशासमोर उभं करत नाही. मी सांगते, डोळे मिटा आणि भिंतीपासून गल्ल्यापर्यंत चालून दाखवा. डोळे उघडे असले की माणूस बूट बघत बसतो. मिटले की पाय काय म्हणतोय ते ऐकू येतं. पुष्कळांना हे चाळे वाटतात, पण माझ्याकडून नेलेले बूट सहसा परत येत नाहीत. भावजींनी मात्र माझी ही शेखी पार उतरवली, ते पुढे येईलच.

झालं असं की ताई जिन्यात पडली. शेवटची पायरी तिला कळली नाही, पाय मुरगळला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. मी धावत गेले आणि आधी काय केलं तर तिच्या चपला कचऱ्यात टाकल्या, कारण दोष चपलांचाच, यात मला शंकाच नव्हती. प्लास्टर निघालं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, रोज चालायचं, चांगलं अर्धा तास, नाहीतर सांधा धरेल आणि लंगडेपण कायमचं राहील. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन मशीनसमोर बसली. दाराबाहेर पाऊल टाकायला ती तयार होईना. भाजी आणायला शेजारीण, दोरे आणायला मी. पडण्याची धास्ती घेतलीय, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. माझी बहीण पुन्हा चालायला लागते की पन्नाशीतच खुर्चीला खिळते, या विचाराने माझ्या डोक्याला मुंग्या यायच्या.

मी म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर. तिच्यासाठी चांगले मऊ बूट काढून ठेवले, तिला कशीबशी दुकानापर्यंत आणून माझ्या पद्धतीप्रमाणे डोळे मिटून चालायलाही लावलं. ती भिंतीपासून गल्ल्यापर्यंत इतकी सरळ, इतकी नीट आली की मी टाळी वाजवली. मग डोळे उघडले आणि निघताना बाजूच्या स्टुलावर धडकली. मी हसले आणि म्हटलं, बाई गं, तू आपली डोळे मिटूनच चालत जा. श्रेय अर्थात बुटांना दिलं. पण दुसऱ्या दिवशी मी फिरायला न्यायला गेले तर म्हणते, तुझ्याबरोबर नको, मी यांच्याबरोबर जाईन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुकानातून वेळ काढून येणार, हाताला धरून नेणार, ते हिला नको. आणि ज्याला स्वतःच्या सावलीबरोबर चालायला धीर धरवत नाही, त्या माणसाबरोबर ही चालणार! पण भावजी लगेच कबूल झाले. घरासमोरच तळं आहे, त्याला रेलिंग आणि भोवती पायवाट. ठरलं असं की संध्याकाळची पहिली रपेट मारून ते थेट तळ्याशी येणार, सायकल रेलिंगला लावणार, ताईबरोबर एक फेरी चालणार आणि तिला घराच्या दाराशी सोडून पुन्हा सायकलवर टांग टाकणार. बायकोचं चालणं त्यांनी असं आपल्या दोन रपेटींच्या मधे कोंबलं. बूट बदलायचा प्रश्नच नव्हता. बूट बदलायचे म्हणजे खाली बसावं लागतं.

पहिल्या सुट्टीला मी मुद्दाम तळ्यावर जाऊन बघितलं आणि मला बघवेना. भावजी पुढे टक टक करत, चवडे वर धरून, बदक निघालंय तसे. आणि चार पावलं मागे माझी बहीण, मान सरळ, नजर समोर, एक शब्द न बोलता. मी त्यांना वाटेतच गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, बायकोला फिरायला आणलंय की शर्यतीला? तिच्या शेजारून चाला की जरा, जोडीने. दोन शब्द बोला. भावजी ओशाळले. म्हणाले की त्यांना शेजारून चालायचंच असतं, पण या बुटांत सावकाश चालताच येत नाही. सावकाश गेलं की पोटऱ्या ओढतात, तळवे पेटतात, म्हणून नकळत पाऊल पुढे पडतं. ताई मधेच म्हणाली, “राहू दे गं. मला चालतं असं.” मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बुटांची तक्रार म्हणजे माझ्याच अंगणातला विषय. मी जाहीर केलं, चुकतंय ते बुटांचं, आणि ते मी बघते.

मग सुरू झाला तो छळ. सायकलचे बूट आणि चालायचे बूट यांचं मुळातच वाकडं. पेडल मारताना सोल वाकता कामा नये, नाहीतर ताकद वाया जाते आणि पेडल तळव्याला टोचतं. चालताना सोल वाकलाच पाहिजे, नाहीतर टाच बुटातून उठून येते. एकाच बुटाने ही दोन्ही सोंगं करायची तर तो मधल्या भागात ताठ हवा, बोटांपाशी वाकणारा हवा, आणि क्लीट रबराच्या आत खाचेत बसलेली हवी, म्हणजे ती जमिनीला लागत नाही. ऐकायला सोपं आहे. पण भावजींचं म्हणणं खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. पहिला जोड त्यांना चालायला आवडला. दोन दिवसांनी तो घेऊन परत आले, चढावर पायाची बोटं बधिर होतात. दुसरा सायकलवर झकास, पण जिन्यात टाच निसटते. तिसरा चवड्याला आवळतो. मी सांगितलं, सकाळी नका येऊ, संध्याकाळी या, दिवसभराने पाय थोडा सुजतो, तेव्हाचं माप खरं. तर ते सकाळीही आले आणि संध्याकाळीही आले. बूट घालून बघायलाही खाली बसत नव्हते. एका पायावर उभं राहून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून नाड्या बांधायचे. डोळे मिटून चाला म्हटलं तर त्याच वेगाने निघाले आणि मोज्यांचा स्टँड घेऊन आडवे झाले. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे तुमचे नातेवाईक आहेत की मागच्या जन्मीचं देणं.

त्या दिवसांत मीही अस्वस्थ होते, नुसती भावजींमुळे नव्हे. ताईचं काहीतरी बिनसलं होतं आणि मला ते चिमटीत सापडत नव्हतं. सुईत दोरा ओवायची ती पहिल्या फटक्यात, माझ्याहून सफाईने. पण शेजारी ठेवलेला कप हमखास कोपराने उडवायची. दाराच्या चौकटीला खांदा घासायची. मी बाजूने गेले की दचकायची आणि वर मलाच रागवायची, चोरासारखी काय येतेस म्हणून. आम्ही तिला लहानपणापासून वेंधळी म्हणत आलो होतो, त्यामुळे सगळं त्या एका शब्दात बसत होतं. आणि नव्या बुटांचं निघालं की तिची एकच टेप, आहेत ते काय वाईट आहेत, कशाला हवेत नवे. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक माझ्याकडून होतंय हे हिला सोसत नाही. कधी वाटलं, हिला चालायचंच नाहीये, निमित्त शोधतेय. रात्री पाठ टेकली की हेच डोक्यात फिरायचं, आणि सकाळी दुकानाचं शटर वर करते न करते तोच भावजी बगलेत खोकं घेऊन हजर.

शेवटी तो जोड आला. मागवून घेतला होता, नेहमीच्या मापाहून अर्ध्याने मोठा. मी हातात घेऊन दोन्हीकडून वाकवून पाहिला, तर मधे ताठ आणि बोटांपाशी बरोबर दुमडतो. क्लीट खाचेत, भोवती जाड रबर, आणि टाचेला आत मऊ गादी. भावजी त्यातून भिंतीपासून गल्ल्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग बाहेर जाऊन सायकलवर गल्लीची एक चक्कर मारली. आले ते हसतच. म्हणाले, “मेहुणीबाई, पायात काही आहे असं वाटतच नाही.” माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ताईला बोलवा आणि दोघं जोडीने या गल्लीच्या टोकापर्यंत चालून दाखवा. माझी फी समजा.

ताई आली. पायात मी दिलेले बूट, चेहऱ्यावर नाराजी. संध्याकाळची वेळ होती, गल्लीत फारशी वर्दळ नव्हती. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले, मालकही कौतुकाने बाहेर आले. भावजी मुद्दाम ताईच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभे राहिले आणि दोघं निघाले. भावजींनी खरंच पाऊल आवरलं होतं. आवाज अजिबात नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

काही पावलं गेल्यावर ताईची चाल मंदावली. ती थांबली. तिने उजवा हात थोडा पुढे केला, अंधारात भिंत शोधावी तसा, आणि म्हणाली, “अहो, कुठे गेलात?”

भावजी तिच्या शेजारीच होते. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. ते हसले, त्यांना थट्टा वाटली. म्हणाले, “हा काय इथे.” ताई एकदम आवाजाच्या दिशेने वळली आणि तिच्या तोंडावर जे काही उमटलं ते मी लांबून पाहिलं. ती चोरी पकडली गेल्यासारखी दिसत होती. भावजींचं हसू ओसरलं. त्यांनी तिला पुन्हा समोर बघायला सांगितलं आणि आपला हात तिच्या कानाजवळ नेऊन हलवला. मग गालापर्यंत आणला. ताई समोरच बघत होती. हात पार तिच्या नाकासमोर आला तेव्हा तिची पापणी लवली. दुसऱ्या बाजूने तेच केलं, तेच झालं.

मालक आत गेले. मी पायरी कशी उतरले मला आठवत नाही.

आम्ही तिला दुकानात आणून बसवलं. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. वर्षाहून जास्त काळ नजरेच्या कडांनी अंधार येत होता. आधी तिला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. समोरचं लख्ख दिसायचं, शिवण दिसायची, सुईचं भोक दिसायचं, म्हणून कुणाला संशय आला नाही. बाजूचं मात्र जगच उरलं नव्हतं. ती शेवटची पायरी तिने पाहिलीच नव्हती. बाहेर जायची भीती पडण्याची नव्हती, कुणाच्या अंगावर जाण्याची, सायकलखाली येण्याची होती. तळ्याभोवती ती चालायची ती त्या टकटकीच्या मागे मागे. आवाज वळला की ती वळायची, थांबला की थांबायची. माझ्याबरोबर का नको, तर मी हात धरला असता आणि दोन वळणांत मला कळलं असतं.

मी भडकले. रडत होते आणि ओरडतही होते, की वर्षभर मूग गिळून बसलीस, डोळ्यांचा प्रश्न आहे, शिवण उसवली म्हणून झाकायची गोष्ट आहे का ही. भावजींनी एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलंस.

ताई त्यांच्याकडे वळून बघायला लागली, चांगली मान वळवून. म्हणाली, “तुम्ही घरी बसला असता म्हणून.”

मला ते एकदम समजलं नाही. भावजींना समजलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली असताना भावजींचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्यांना महिनोन्‌महिने घरात पडून राहावं लागलं होतं. मी तेव्हा लहान होते, मला एवढंच आठवतं की त्यांनी घरातली सगळी घड्याळं उघडली होती. ताईने बाकीचं सांगितलं. घड्याळं झाली, मिक्सर झाला, इस्त्री झाली, तिचं मशीनही दोनदा सुटं करून जोडून झालं. मग उघडायला काही उरलं नाही आणि ते गप्प झाले. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, दिवस दिवस भिंतीकडे तोंड. ती म्हणाली की डोळे जातील तेव्हा जातील, पण तो गप्प बसलेला माणूस तिला पुन्हा बघायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकवता येते, त्यासाठी रोज थेंब घालायचे, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. आणखी काही महिने असेच गेले असते तर समोरचंही गेलं असतं, असं त्या म्हणाल्या. चालण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, चालायचंच, घरात कोंडून घ्यायचं नाही, फक्त सोबतीला कुणीतरी हवं.

आणि मग ताईला ज्याची भीती होती तेच घडायला लागलं. भावजींनी सायकल जिन्याखाली लावली ती लावलीच. कामावर बसने जायला लागले, संध्याकाळी थेट घरी. रपेट नाही, टोळकं नाही. थेंबांच्या वेळा पाळायचे, घरातली स्टुलं भिंतीला लावायचे, आणि ते झालं की खुर्चीत बसायचे. खरंच बसायचे, दोन्ही पाय आत घेऊन. मी जाऊन थट्टा करायची, म्हणायची की भावजी, ती खुर्ची पळून जात नाही, सोडा तिला. ते हसल्यासारखं करायचे. ताई मशीनवरून मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघायची. तिचं तोंड उतरलेलं असायचं. मला वाटायचं, डोळे थोडे वाचवले खरे, पण घरातलं वारंच बंद पडलं.

फिरायला जायचे, पण ते फिरणं नव्हतं. भावजी तिचा दंड धरून शेजारून चालायचे, पावलाला पाऊल लावून, त्याच नव्या बुटांत, कसलाही आवाज न करता. तोंडाने मात्र अखंड चालू. डावीकडे खड्डा आहे. उजवीकडून बाई येतेय. पुढे दगड. जोडीने चाला, शेजारून चाला, असं मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडले होते. आता ते अगदी मी सांगितलं तसंच चालत होते आणि मला ते बघवत नव्हतं. ताई अंग चोरून चालायची, पावलं पूर्वीपेक्षा आखूड, आणि अर्ध्या फेरीतच म्हणायची, दमले, घरी जाऊ.

एका सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर होते, दोन पावलं मागे. रेलिंगच्या वळणाशी भावजींनी सांगितलं की समोर बाक आहे. ताई थांबली. म्हणाली, “बाक मला दिसतोय.”

भावजी म्हणाले, बरं बरं, आणि दंड आणखी घट्ट धरला. तेव्हा तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. भांडण नव्हतं त्यात, टाचणी काढावी तशी सावकाश सोडवली. ते म्हणाले, “अगं, पडशील.”

“नाही पडणार. तुम्ही पुढे व्हा.”

“पुढे कशाला? मी इथे शेजारी आहे ना.”

ताई म्हणाली, “शेजारीच असता हल्ली. सकाळपासून रात्रीपर्यंत शेजारी. आणि शेजारी असलात की मला तुम्ही दिसतच नाही हो. नुसता हात आणि आवाज. इतके दिवस झाले, चालताना मी तुम्हाला पाहिलेलं नाही. मला समोरचं दिसतं. जेवढं दिसतंय, तेवढ्यात तुम्ही असा. पुढे चाला. आधी चालत होता तसे.”

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मला तर त्यांच्याकडे नीट बघवतही नव्हतं. इतके दिवस मी ज्या गोष्टीसाठी त्यांना बोल लावत होते, त्याच गोष्टीत माझ्या बहिणीचा सगळा संसार तिला दिसत होता. मी फक्त मान हलवली.

ते पुढे गेले. पायवाटेच्या मधोमध, ताईच्या अगदी समोर. काही पावलं गेले आणि तिथेच थांबले, आमच्याकडे पाठ करून. मागून फक्त खांदे दिसत होते, आणि ते हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचं पाऊल पुढे पडताना दिसेना.

ताईच्या नजरेत ते अख्खे मावत होते. ती बघत राहिली, पुरेसं बघून होईपर्यंत. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, चला की. थांबलात कशाला?”